गोझोला निवांत सुट्टी घालवायची तर प्लॅन कसा करायचा

भूमध्य समुद्रातल्या एखाद्या बेटावर जाऊन नुसतं आरामात राहायचं असेल, तर माझं मत गोझोला. गोझो म्हणजे माल्टा देशातलं दोन नंबरचं बेट, ६७ चौरस किमी, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंतची जुनी मुंबई जेवढी साधारण तेवढंच, आणि लोकवस्ती चाळीस हजारांच्या आसपास. इंग्रजी जवळजवळ सगळ्यांना येतं कारण ती तिथली अधिकृत भाषाच आहे, गाड्या आपल्यासारख्या डाव्या बाजूने चालतात, चलन युरो. पहिल्यांदा युरोपला जाणाऱ्यांना, त्यातून आईबाबा किंवा लहान मुलं सोबत असतील तर, याहून सोपी जागा शोधावी लागेल.

पण आधी एक गोष्ट घरात सगळ्यांनी मिळून ठरवा. याला इटली जोडायची नाही, "एवढं जातोच आहोत तर सिसिली पण करू" हे तर अजिबात नाही. आपल्याकडे सुट्टी म्हणजे पॉइंट बघत सुटायचं अशी सवय झालीये आणि मग परत आल्यावर सुट्टीचा थकवा घालवायला अजून दोन दिवस रजा लागते. एकच घर घ्या, सात-आठ रात्री तिथेच काढा, रोज सकाळी एक गोष्ट बघा आणि दुपारनंतरचा वेळ मोकळा सोडा. बाकी सगळा प्लॅन याच एका गोष्टीभोवती बसवायचा.

कधी जायचं? मे-जून नाहीतर सप्टेंबर-ऑक्टोबर. मे मध्ये रानफुलं असतात, हवा मस्त, पण पाणी चांगलंच गार असतं, आपल्या कोकणातल्या समुद्राची सवय असलेल्यांना तर नकोच वाटेल. पोहायचंच असेल तर सप्टेंबर उत्तम, उन्हाळाभर तापलेलं पाणी ऑक्टोबरपर्यंत उबदार राहतं. जुलै-ऑगस्ट टाळा, ऊन तर असतंच पण १५ ऑगस्टच्या सांता मारियाच्या सणाला माल्टाच्या मुख्य बेटावरचे लोकसुद्धा सुट्टीला गोझोलाच येतात, घरं मिळत नाहीत आणि फेरीबोटीला गाड्यांच्या रांगा लागतात.

व्हिसा शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा. फक्त माल्टाच करणार असाल तर अर्ज माल्टाचाच करायचा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, निदान पंधरा दिवस आधी तरी करावाच लागतो, पण सीझनमध्ये अपॉइंटमेंट मिळेपर्यंत जीव मेटाकुटीला येतो त्यामुळे दोन-तीन महिने हातात ठेवा. मोठ्यांची फी ९० युरो, सेंटरचा सर्व्हिस चार्ज वेगळा, आणि किमान ३०,००० युरो कव्हरचा ट्रॅव्हल इन्शुरन्स लागतो.

आता घर, आणि इथे मात्र वेळ घालवा, घाई करू नका. गोझोवर जुनी दगडी फार्महाऊसेस भाड्याने मिळतात, पिवळसर चुनखडीच्या जाड भिंती, मधे अंगण, बऱ्याच ठिकाणी छोटा स्विमिंग पूल आणि व्यवस्थित किचन. दोन कुटुंबं मिळून गेलात तर हॉटेलच्या खोल्यांपेक्षा स्वस्तही पडू शकतं आणि सकाळचा चहा आपल्या हातचा मिळतो हे वेगळंच. शारा किंवा नदूर गावात बघा, दुकानं आणि चौक चालत जाण्यासारखे असतात. समुद्र अगदी समोर हवा असेल तर श्लेंदी किंवा मार्सालफोर्न. बुक करण्याआधी एसी आहे का आणि जिने किती आहेत हे मालकाला नक्की विचारा, गुडघेदुखीवाल्या आजी सोबत असतील तर जुन्या घरातल्या गोल जिन्यांचा खूप त्रास होतो.

किचन आहे म्हणून इथून काय न्यायचं तर मसाले, भाजणी, मेतकूट, चिवडा, चकली चालतं, पण दुधाचं आणि मांसाचं काहीही नको. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून ते आणायला बंदी आहे, म्हणजे तूप, पेढे, बर्फी सगळं घरीच ठेवा. प्लग ब्रिटिश तीन चौकोनी पिनांचा, अडॅप्टर इथूनच घेऊन जा. नळाचं पाणी पिण्यायोग्य असतं पण समुद्राचं पाणी गोडं करून सोडतात त्यामुळे चव जरा वेगळी लागते, बहुतेक लोक बाटल्याच आणतात.

पोचायचं असं: गोझोला विमानतळ नाही, माल्टाच्या मुख्य बेटावर उतरायचं, तिथून एक्स १ बस किंवा टॅक्सीने चिरकेव्वा बंदर, मग मोठ्या फेरीने पंचवीसेक मिनिटांत गोझोचं इमजार बंदर. जाताना तिकीट काढावंच लागत नाही, परत येताना इमजारला दोन्हीचे पैसे एकदम घेतात. माल्टाची राजधानी वॅलेटा, तिथून एक फास्ट फेरी पण आहे, पाऊण तासात पोचवते, पण तिचं तिकीट वेगळं. गोझोवर फिरायला बस आहेत, बहुतेक सगळ्या मधल्या व्हिक्टोरिया शहरातून सुटतात, आणि स्टॉपवर हात दाखवला नाही तर सरळ निघून जातात. गाडी घेणार असाल तर इंटरनॅशनल परमिट जवळ ठेवा आणि छोटीच गाडी घ्या, गावातल्या गल्ल्या फार अरुंद आहेत.

आता रोजचं एक काय करायचं ते सांगते. समुद्राला जायच्या आधी वारा बघा, तिथले लोक हेच करतात. वारा उत्तरेकडून असेल तर दक्षिणेकडच्या श्लेंदीला जा, दक्षिणेकडून असेल तर उत्तरेच्या रामला बीचला. त्याच दिवशी एका बाजूला लाटा उसळत असतात आणि दुसरीकडे पाणी अगदी संथ, जेलीफिश पण वाऱ्यासोबत किनाऱ्याला येतात. रामलाची वाळू लालसर आहे, तिथे मुलं दिवसभर रमतील. बाकी बऱ्याच ठिकाणी वाळू नसते, खडकावरून शिडीने पाण्यात उतरायचं असतं, म्हणून पाण्यात घालायचे रबरी बूट घेऊन जा.

माझी सगळ्यात आवडती जागा म्हणजे श्वेयनीची मिठागरं, मार्सालफोर्नपासून रमतगमत चालत जाता येतं. आपल्याकडच्या मिठागरांसारखी मातीच्या बांधांची नाहीत, किनाऱ्याच्या खडकातच चौकोनी उथळ टाक्या कोरलेल्या आहेत, शेकडो, आणि पिढ्यानपिढ्या तीच कुटुंबं तिथे काम करतात. उन्हाळ्यात टाकीतलं पाणी आटत जातं, तळाला पांढरा थर धरतो, मग झाडूने ते मीठ ओढून ढीग करतात आणि पोत्यात भरतात. संध्याकाळी पाचनंतर जा, ऊन तिरकं झालं की प्रत्येक टाकीचा रंग वेगळा दिसतो. टाक्यांमध्ये पाय मात्र घालू नका, कोणाच्या तरी पोटापाण्याचा प्रश्न आहे. रस्त्याकडेलाच पिशव्या विकायला असतात, घरी न्यायला याहून चांगली वस्तू मला तरी सुचत नाही.

एक सकाळ जिगंतियाच्या देवळांना द्या. इ.स.पू. ३६०० च्या सुमाराचे अवाढव्य दगड आहेत, इजिप्तच्या पिरॅमिडांहून जुने, आणि त्याच तिकिटात १७२५ ची ता कोला पवनचक्की पण बघता येते. दुसऱ्या सकाळी व्हिक्टोरियाचा किल्ला, चितादेला. १५५१ मध्ये तुर्की आरमाराने इथून हजारो माणसं गुलाम म्हणून धरून नेली, बेट जवळजवळ ओसाड पडलं. त्यानंतर १६३७ पर्यंत लोकांनी रात्री किल्ल्यातच झोपायला यायचं असा नियम होता. तटावर उभं राहून चारी बाजूंचा समुद्र बघितला की हे सगळं अंगावर येतं. द्वेयराची प्रसिद्ध खडकाची कमान मार्च २०१७ च्या वादळात कोसळली, अजून जुने फोटो फिरतात त्यावर जाऊ नका, पण तिथल्या आतल्या तळ्यातून छोट्या बोटीने बोगद्यातून समुद्रात जाता येतं, ते जरूर करा. गोझो आणि माल्टाच्या मधे कोमिनो नावाचं छोटं बेट आहे, तिथल्या ब्लू लगूनला जायचं तर आता आधी ऑनलाइन स्लॉट घ्यावा लागतो, सकाळचा पहिलाच घ्या.

खाण्यात शाकाहारी लोकांची उपासमार होत नाही. पास्तिझी म्हणून पापुद्रेवाली गरम पेस्ट्री मिळते, रिकोटा चीजची किंवा वाटाण्याची, पण कडक शाकाहारी असाल तर चरबी वापरली आहे का हे विचारून घ्या. गोझोची फ्तिरा पिझ्झासारखी, बटाटा आणि जबेयना चीजची मागा. बिगिल्ला म्हणजे कडधान्याची लसूण घातलेली चटणी, ब्रेडला लावून फार छान लागते. रविवारी बरीच दुकानं बंद असतात, त्यामुळे भाजी-दूध शनिवारीच आणून ठेवा.

परतीचं तेवढं सांभाळा. रविवारी संध्याकाळी माल्टातले लोक परत निघतात तेव्हा इमजारला गाड्यांची लांब रांग असते, त्या वेळी निघू नका, आणि जोराचा वारा सुटला तर फेऱ्या थांबूही शकतात. म्हणून फ्लाइट सकाळची असेल तर आदल्या दिवशी दुपारीच माल्टाला या आणि शेवटची रात्र वॅलेटाला काढा.