स्मार्ट उपकरणे घेण्याआधी भिंतीवरचा बोर्ड उघडून पाहा

स्मार्ट प्लग किंवा बल्ब विकत घेताना खोक्यावरची ‘अलेक्सा व गुगलसोबत चालते’ ही ओळ वाचून आपण निर्धास्त होतो. ती ओळ खोटी नसते, पण अपुरी असते. उपकरण ॲपशी जुळण्याच्या आधी ते घरातल्या वायरिंगशी, वाय-फायशी आणि घरातल्या माणसांच्या सवयींशी जुळावे लागते, आणि नाशिकमधल्या ज्या ज्या घरांत ही उपकरणे धूळ खात पडलेली मी पाहिली, तिथे अडचण ॲपची नव्हतीच. म्हणून खरेदीची सुरुवात भिंतीवरच्या स्विचबोर्डापासून करावी.

इलेक्ट्रिशियनला बोलवावे, मेन स्विच बंद करून दोन-तीन बोर्डांच्या प्लेट उघडायला लावाव्यात आणि आत न्यूट्रल म्हणजे परतीची वायर आहे का, ते पाहावे. स्विचच्या मागे बसून जुन्या बटणालाच स्मार्ट करणाऱ्या छोट्या डबीला रिले मॉड्यूल म्हणतात. अशा बहुतेक मॉड्यूलना फेज आणि न्यूट्रल दोन्ही लागतात. ज्या बोर्डावर सॉकेट आहे तिथे न्यूट्रल आलेली असतेच. मात्र जिन्यातल्या किंवा बाथरूमबाहेरच्या नुसत्या स्विचच्या बोर्डात ती अनेकदा नसते. त्याच वेळी पेटीची खोलीही मोजून घ्यावी, कारण चार स्विचच्या वायरी आधीच कोंबलेल्या असतील तर मॉड्यूल आत जाईल, पण प्लेट बसणार नाही. जिन्यातल्या दिव्याला खाली-वर दोन स्विच असतील तर टू-वे जोडणीला चालणारे मॉड्यूल मागून घ्यावे.

दिव्यासाठी स्मार्ट बल्ब घ्यावा की स्विचमागचे मॉड्यूल, या प्रश्नाचे माझे उत्तर ठाम आहे: मॉड्यूल. आमच्या इंदिरानगरच्या घरी मी हौसेने देवघराबाहेर स्मार्ट बल्ब लावला आणि तो संध्याकाळी सातला आपोआप लागेल अशी वेळ नेमून दिली. आईने मात्र पन्नास वर्षांच्या सवयीने रात्री भिंतीवरचे बटण बंद केले. बल्बचा वीजपुरवठाच तुटल्यामुळे दुसऱ्या दिवशी सातला ॲपमध्ये ‘ऑफलाइन’ एवढेच दिसले. मॉड्यूल बसवल्यावर बटण जुनेच राहिले, आईची सवय तशीच राहिली आणि वेळापत्रकही चालू राहिले. रंग बदलणारा प्रकाश हवा असेल, तर आणि तरच बल्बचा विचार करावा.

यानंतर भार पाहावा, आणि इथे घाई अजिबात करू नये. नाशिकच्या थंडीत पहाटे गिझर आपोआप चालू व्हावा, ही बहुतेकांची पहिली इच्छा असते. आपल्याकडचा पुरवठा २३० व्होल्टचा आहे. २००० वॉटचा गिझर त्यावर जवळजवळ ९ अँपिअर घेतो आणि ३००० वॉटचा १३. बाजारात दिसणारे अनेक स्मार्ट प्लग ६ किंवा १० अँपिअरचे असतात. माझ्याकडे १० अँपिअरचा होता, गिझरची जाड पिन त्यात जाईना, म्हणून मी मध्ये कन्व्हर्टर लावला. महिन्याभरात प्लगची एक बाजू तपकिरी पडली आणि बाथरूममध्ये प्लास्टिक तापल्याचा वास येऊ लागला. दोष प्लगचा नव्हता, माझाच होता. गिझर, इस्त्री व हीटर यांच्यासाठी १६ अँपिअरचाच प्लग घ्यावा आणि तो १६ अँपिअरच्या सॉकेटमध्येच लावावा. वेळही मोजून ठेवावी: १५ लिटर पाणी १८ अंशांवरून ५० अंशांवर नेण्यास २००० वॉटच्या गिझरला हिशेबाने १७ मिनिटे लागतात, तेव्हा अर्ध्या तासाने बंद होण्याची आज्ञा सोबत दिल्याशिवाय चालू होण्याची आज्ञा देऊच नये.

टाकीत पाणी चढवणारी मोटर चालू होताना नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते, त्यामुळे ती स्मार्ट प्लगवर थेट लावू नये. मॉड्यूलने कॉन्टॅक्टर, म्हणजे जड भार पेलणारा विजेवर चालणारा स्विच, चालवावा आणि कॉन्टॅक्टरने मोटर. हे काम जाणत्या इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावे. पंख्यासाठी पंख्याचेच मॉड्यूल घ्यावे, दिव्याचा डिमर लावू नये. बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणारा इलेक्ट्रॉनिक मोटरचा पंखा असेल तर त्याच्या मार्गात रेग्युलेटर ठेवू नये. शिवाय त्याचा रिमोट इन्फ्रारेड आहे की रेडिओवर चालणारा, हे विचारावे, कारण रिमोटची नक्कल करणारी साधी डबी फक्त इन्फ्रारेडच ओळखते. एसीसाठी ती डबी स्वस्त आणि सोयीची आहे. तिची एकच खोड अशी की ती आज्ञा देते, पण एसी खरोखर चालू झाला की नाही हे तिला कळत नाही.

आता उपकरणांच्या भाषेकडे वळू. वाय-फायवर चालणारी बहुतेक स्वस्त उपकरणे २.४ गिगाहर्ट्झवरच जोडली जातात, राउटर २.४ आणि ५ या दोन्ही जाळ्यांना एकच नाव देत असेल तर जोडणी करताना ती दोन नावांनी वेगळी करून घ्यावीत. उपकरणे पाच-सहाच असतील तर वाय-फाय पुरते. त्याहून जास्त असतील, किंवा घर पंचवटीतल्या जुन्या वाड्यासारखे जाड भिंतींचे असेल, तर झिगबी किंवा थ्रेड या स्मार्ट उपकरणांसाठीच्या वेगळ्या बिनतारी पद्धती बऱ्या. त्यांतली विजेवर चालणारी उपकरणे एकमेकांचा संदेश पुढे पोचवतात, त्यामुळे माजघरातला प्लग मागच्या खोलीतल्या सेन्सरचा दुवा बनतो. सेलवर चालणारी उपकरणे मात्र हे काम करत नाहीत.

नवी खरेदी करताना मॅटर, म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणे एकमेकांशी जुळवणाऱ्या मानकाचे, चिन्ह शोधावे. ॲपल, गुगल, ॲमेझॉन आणि सॅमसंग यांच्यासारख्या कंपन्या ज्या संघटनेत एकत्र आल्या, तिने ऑक्टोबर २०२२ मध्ये या मानकाची पहिली आवृत्ती काढली. मॅटरचे उपकरण एकाच वेळी एकाहून अधिक ॲपना जोडता येते आणि त्याला दिलेली आज्ञा घरातल्या घरातच पोचते, म्हणजे मुलाचा आयफोन आणि वडिलांचा अँड्रॉइड हा तंटा मिटतो. पंखे व एसी त्यात २०२३ च्या १.२ या आवृत्तीत आले, त्यामुळे जुन्या मॉडेलमध्ये त्यांची अपेक्षा करू नये. शिवाय मॅटर म्हणजे थ्रेड नव्हे. थ्रेडच्या सेन्सरला वाय-फायशी जोडणारा मध्यस्थ लागतो. ॲपलचा होमपॉड मिनी किंवा ॲमेझॉनचा चौथ्या पिढीचा मोठा इको हा स्पीकर ते काम करतो, साधा इको डॉट करत नाही.

अमेरिकेतला भाचा येताना भेट म्हणून उपकरण आणणार असेल, तर त्याला आधीच सांगून ठेवावे. तिकडचे १२० व्होल्टचे बल्ब आणि प्लग आपल्या २३० व्होल्टवर जळतील. तिकडचे झेड-वेव्ह या आणखी एका बिनतारी पद्धतीचे कुलूप सेलवर चालत असले तरी ते ९०८ मेगाहर्ट्झवर बोलते आणि आपल्याकडे त्यासाठी ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा मोकळा आहे, म्हणून इथल्या हबशी, म्हणजे उपकरणांना जोडणाऱ्या मधल्या डबीशी, त्याचे कधीच जमणार नाही.

एका खोलीपुरती खरेदी करून आधी तीन परीक्षा घ्याव्यात. राउटरची इंटरनेटची वायर काढावी, वाय-फाय चालू ठेवावे आणि ॲपमधून दिवा लागतो का ते पाहावे. मग मेन स्विच बंद करून पुन्हा चालू करावा: वळवाच्या पावसात वीज जाऊन रात्री दोनला परत आली, तर त्या क्षणी गिझर बंद आणि बाकीचे पूर्वीच्या स्थितीत राहिले पाहिजे. ही सोय ॲपमध्ये वीज परतल्यानंतरच्या स्थितीची निवड म्हणून असते. नसेल तर ते उपकरण परत करावे. राउटर आणि हब इन्व्हर्टरवर घ्यावेत. तिसरी परीक्षा म्हणजे ज्यांच्या हातात फोन नसतो त्यांना खोलीत एकटे सोडावे आणि आपण काही न सांगता बाहेर थांबून त्यांना दिवा लावता येतो का ते पाहावे.

तिन्ही जमल्यावर मॉड्यूल भिंतीत कायमचे बसवण्याआधी त्याच्यावरचा मॅटरचा ११ आकडी जोडणी कोड वहीत उतरवून घ्यावा आणि पुढे कोणत्या बोर्डाचा तो आहे ते लिहावे. हा कोड मॉड्यूलच्या पाठीवर छापलेला असतो, आणि फोन बदलल्यावर तो पाहण्यासाठी पुन्हा इलेक्ट्रिशियनला बोलावून प्लेट खोलायची वेळ माझ्यावर दोनदा आली आहे.