बुजरा घोडा रानवाटेला नेताना

घोडा बुजला की स्वाराचा हात आधी चाबकाकडे जातो. तो आवरा. जे ओळखीचं नाही त्यापासून पळायचं, याच सवयीवर हे जनावर जगत आलं आहे. त्याला नीट बघायला वेळ मिळाला की निम्मी भीती उतरते.

सुरुवात अंगणातच करा, खोगिराशिवाय. म्होरकी घालून दोर हाती घ्या आणि थांबणं, चालणं, मागे सरणं पक्कं करून घ्या. दोराचा ताण लागला आणि त्याने एक पाऊल दिलं, की त्याच क्षणी दोर सैल सोडा. घोड्याला शाबासकी कळते ती अशी. सैल सोडायला उशीर झाला तर आपण काय बरोबर केलं, हे त्याला उमजत नाही.

मग वाटेवरच्या भीती एकेक करून अंगणात आणा. आमच्या गोव्यात, पेडणे-डिचोलीकडे त्या ठरलेल्या: निळी ताडपत्री, स्कूटर, पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलीचा भोंगा. ताडपत्री लांब अंथरा. कान टवकारले, मान ताठ झाली की तिथेच थांबा. मान खाली आली, लांब श्वास सुटला, की त्याला वळवून दूर न्या आणि थोड्या वेळाने आणखी जवळ आणा. एका बाजूने ओळखीची झालेली वस्तू दुसऱ्या बाजूने दिसली तरी घोडा पुन्हा बुजू शकतो, म्हणून दोन्हीकडून दाखवा. शिगम्याचे, म्हणजे शिमग्याचे, ढोल मात्र पहिल्या वर्षी दुरूनच ऐकवा. घोडेमोडणीच्या लोकनाचात नाचणाऱ्यांच्या कमरेचे लाकडी घोडे ढोलावर नाचतात, खरा घोडा त्या आवाजाने उधळेल.

पहिल्या फेऱ्या पायी, दोर धरून, ऊन चढण्याआधी. पुढे एखादा जुना, शांत घोडा असला तर फार सोपं जातं. वीसेक मिनिटं पुरेत.

सड्याच्या, म्हणजे उघड्या कातळमाळाच्या, उन्हातून कुळागराच्या, म्हणजे पोफळी-माडांच्या बागेच्या, सावलीत शिरताना क्षणभर थांबा. घोड्याच्या डोळ्यांना अंधाराशी जुळवून घ्यायला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

खरी कसोटी व्हाळाची, म्हणजे ओढ्याची. पाणी किती खोल हे घोड्याला वरून कळत नाही आणि नाकासमोरचं तर दिसतच नाही. लगाम सैल सोडा, त्याला मान खाली घालून हुंगू द्या. आमची घोडी पहिल्या दिवशी पाऊण तास काठावर उभी होती. मी घाई करून टाच मारली, तशी तिने पाण्यावरून उडीच घेतली आणि मी खाली आलो. चूक माझी होती. नंतर चार दिवस आम्ही नुसते काठावर गेलो, पाचव्या दिवशी ती आपणहून उतरली. पावसाळ्यात पाणी तांबडं झालं असेल तर मात्र परत फिरा. तळ तुम्हालाही दिसत नसतो.

स्वार असताना घोडा बुजला तर दोन्ही लगाम खेचू नका. कोंडल्यासारखं वाटून तो जास्तच उसळतो. वेग घेण्याआधीच एका लगामाने मान हळूहळू बाजूला वळवा, म्हणजे मागचे पाय आडवे पडून जोर ओसरतो. शेताच्या अरुंद बांधावर मात्र वळवायला जागा नसते; तिथे शंका आली की आधीच उतरून चाला.