कयाकवरून गरवायला जायचंय? आधी परतीची वेळ ठरवा

कयाकला इंजिन नसतं. आरामात वल्हवलं तर ताशी चार-पाच किलोमीटर अंतर कापलं जातं, आणि समोरून वारा व पाण्याची ओढ एकदम आली तर तेवढाही वेग उरत नाही. म्हणून कोकणात कयाकवरून गरवायला, म्हणजे गळाने मासे पकडायला जायचा बेत ‘मासा कधी लागेल’ इथून आखू नका. ‘परत कधी आणि कशाच्या जोरावर येणार’ इथून सुरुवात करा. उदाहरणासाठी मालवणजवळची कर्ली खाडी आणि ती समुद्राला मिळते तो देवबागचा संगम घेऊ.

महिना

जून ते सप्टेंबर सोडून द्या. 1 जून ते 31 जुलै ही यांत्रिक नौकांवरची मासेमारी बंदी. कयाक यांत्रिक नाही म्हणून पळवाट शोधणारे भेटतात, पण पावसाळी समुद्र कयाकचा नव्हेच. खाडीतही वरून पुराचं पाणी आणि ओंडके वाहत येतात. नारळी पौर्णिमेला सागराला नारळ अर्पण करून होड्या निघतात, त्या निघतात म्हणून आपणही निघावं असं नाही.

सगळ्यात भरवशाचा काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. तरी ‘शांत हंगाम’ म्हणून डोळे मिटू नका: 2019च्या ऑक्टोबरअखेर क्यार वादळाने सिंधुदुर्ग किनारा ढवळून काढला, 2017च्या डिसेंबरात ओखी थेट मुंबईच्या दारापर्यंत आलं. मार्च-एप्रिलमध्ये दुपारचा वारा जोर धरतो, तेव्हा बेत सकाळपुरताच. मे उजाडला की समुद्र सोडून खाडीत राहा. 2021च्या मे महिन्यात तौक्तेने काय केलं ते किनाऱ्यावर कुणालाही विचारा.

तिथी

हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा, आणि नवखे लोक नेमका हाच उरकतात. आपल्या किनाऱ्यावर दिवसात दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात, आणि वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते. जुना हिशोब असा: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन वाजता, पहाटे आणि दुपारी. त्यानंतर साधारण सहा तासांनी सुकती, म्हणजे पाणी सर्वांत खाली. हा हिशोब मुंबईच्या बाजूला चांगला जुळतो. मालवणकडे भरती पाऊण-एक तास आधी येते. शेवटी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यातूनच पक्की करा, पण दिनदर्शिका पाहून दिवस निवडायला हा हिशोब पुरेसा आहे.

आता तो वापरू. पहिल्या काही फेऱ्या खाडीतच करा. खाडीत भरतीबरोबर आत जायचं आणि ओहोटीबरोबर परतायचं. त्यासाठी द्वादशीच्या आसपासचा दिवस बघा. हिशोबाने भरती नऊला, म्हणजे देवबागला सव्वाआठच्या सुमारास. पावणेसातला कयाक पाण्यात घातली की पाणीच तुम्हाला खारफुटीच्या कडेने आत नेतं. भरती थांबते तेव्हा अर्धा-पाऊण तास पाणी जवळजवळ उभं राहतं, तो गळ टाकायला उत्तम वेळ. मग ओहोटी तुम्हाला हळूहळू मागे आणते आणि साडेदहाच्या आत तुम्ही धक्क्यावर असता. एकच पथ्य: उतरायची जागा मुखापासून चांगली आत हवी, म्हणजे थकून चुकलात तरी ओहोटी समुद्रात नेणार नाही.

याउलट अष्टमीला भांगाचं पाणी, ओढ कमी, म्हणून ती सोपी वाटते. पण भरती पहाटेच संपलेली असते आणि सकाळभर पाणी मुखाकडे वाहतं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण. पाणी सकाळभर जोरात आत येतं, आणि ते उलटून तुम्ही परत निघेपर्यंत समुद्राकडून येणारा खारा वारा समोर उभा असतो. वाहतं पाणी आणि वारा एकमेकांच्या विरुद्ध आले की लाटा आखूड आणि उभ्या होतात. कयाक उलटायला तेवढं पुरतं.

संगमाबाहेर जायचं असेल तर गणित उलटं. ओहोटीच्या शेवटाबरोबर बाहेर, भरतीबरोबर आत. त्याला पंचमी बरी: देवबागला सुकती नऊच्या सुमारास येते, दहाला परत फिरलात की पाणी सोबतीला असतं. मुखाशी वाळूच्या पट्ट्या असतात आणि त्या जागा बदलतात, म्हणून गेल्या वर्षीची वाट यंदा धरू नका. कयाक टाकण्याआधी किनाऱ्यावर दहा मिनिटं नुसते उभे राहून लाटा कुठे फुटतायत ते पाहा. मुखाच्या पूर्ण रुंदीत फुटत असतील तर त्या दिवशी खाडीच.

वारा आणि लाटा

हिवाळ्यात पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा असतो. किनाऱ्याजवळ पाणी तेलासारखं सपाट दिसतं, कारण वारा तुमच्या पाठीमागून, माडांच्या आडून येतो. बाहेर गेल्यावर त्याचा जोर कळतो आणि तो तुम्हाला किनाऱ्यापासून दूरच ढकलत असतो. निघाल्यावर पाच मिनिटांत एकदा वळून किनाऱ्याच्या दिशेने वल्हवून बघा. जड गेलं तर तिथूनच परत या. अकरा-बाराच्या सुमारास खारे वारे सुरू होतात. लाटांच्या माथ्यावर पांढरा फेस दिसू लागला की गळ गुंडाळा.

हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचा समुद्रस्थितीचा अंदाज आणि हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा आदल्या रात्री आणि सकाळी, दोन्ही वेळा पाहा. त्यात लाटेच्या उंचीबरोबर दोन लाटांमधलं अंतर सेकंदांत दिलेलं असतं, ते वाचायला शिका. एक मीटरची लाट सहा सेकंदांची असेल तर नुसती हेलकावे देते. तीच चौदा सेकंदांची असेल तर दूरच्या वादळातून आलेली असते, आणि उथळ पाण्यात उंच होऊन वाळूच्या पट्टीवर जोरात फुटते. ‘फक्त एक मीटर’ म्हणून फसू नका.

निघताना

लाइफ जॅकेट अंगावर, बांधलेलं. शिट्टी, पाणी, जलरोधक पिशवीत मोबाइल, वल्ह्याला दोरी. नांगर पुढच्या किंवा मागच्या टोकाला बांधा, कधीच बाजूला नको. वाहत्या पाण्यात बाजूचा नांगर कयाक आडवी करून उलटवतो. कुठून निघालो आणि किती वाजता परतणार हे किनाऱ्यावरच्या एका माणसाला सांगा. तो ठरल्या वेळी फोन करणार, लागला नाही तर तटरक्षक दलाच्या 1554 वर किंवा सागरी पोलिसांच्या 1093 वर कळवणार, असं आधीच ठरवा. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढली जात असेल तर लांबून वळसा घाला. तिथल्या गाबित मच्छीमारांना आजचं पाणी कसं आहे हे विचारल्याशिवाय निघूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

गळाला लागल्यावर

खाडीत खडक आणि खारफुटीच्या मुळांशी जिवंत कोळंबीवर तांबोशी लागते. शिंगाळ्याचे काटे आणि पाकटाची नांगी कयाकच्या अरुंद जागेत फार वाईट. ते वर न घेता पाण्यातच दोरी कापलेली बरी. केंड विषारी असतो, सोडून द्या. महाराष्ट्राने 2023 साली 54 जातींसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवली आहे, त्याहून लहान मासा परत पाण्यात. आणि बाहेर पडून उत्तरेला मालवणकडे वळणार असाल तर नकाशा आधी तपासा: सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाभोवतीचं पाणी 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. त्याच्या गाभाक्षेत्रात गळ टाकायचा नाही.