सातवी ते नववीच्या वर्गातली दादागिरी कशी शोधावी आणि थांबवावी

मधल्या सुट्टीतलं प्रत्येक भांडण म्हणजे दादागिरी नव्हे. नॉर्वेत यावर आयुष्यभर काम केलेल्या मानसशास्त्रज्ञ डॅन ऑल्वेउस यांच्या तीन खुणा वर्गशिक्षकांनी लक्षात ठेवाव्यात: त्रास मुद्दाम दिला जातो, पुन्हा पुन्हा दिला जातो, आणि सोसणाऱ्याला स्वतःचा बचाव करणं जड जातं. तिसरी खूण सर्वांत महत्त्वाची. बरोबरीच्या दोघांना समोरासमोर बसवून समेट घडवता येतो. इथे तसं केलं, तर घाबरलेलं मूल 'माझंही चुकलं' म्हणून मोकळं होतं आणि बाहेर गेल्यावर चुगलीची शिक्षा भोगतं.

आधी निनावी चिठ्ठ्या घ्या. या तीन खुणा मोठ्याने वाचून दाखवा, मग विचारा: गेल्या दोन महिन्यांत तुझ्या बाबतीत असं किती वेळा झालं? कुठे झालं? कुणाला सांगितलंस? उत्तरांचे पर्याय आधीच चिठ्ठीवर लिहून द्या, मुलांनी फक्त बरोबरची खूण करायची, म्हणजे अक्षरावरून कुणी ओळखू येत नाही. चिठ्ठ्या मॉनिटरला गोळा करू देऊ नका. कधी कधी त्रास देणारा तोच असतो. 'महिन्यातून दोन-तीनदा' किंवा त्याहून जास्त असं उत्तर आलं की कामाला लागा. जिन्याचं किंवा स्वच्छतागृहाचं नाव वारंवार आलं, तर सुट्टीत तिथे शिक्षक उभा हवा.

स्वभावाच्या बाबतीत शिक्षक हमखास फसतात. त्रास देणारा मुलगा उद्धट, अभ्यासात मागे असेल असं आपण धरून चालतो. तो बऱ्याचदा बोलका, मित्रांचा लाडका आणि बाई-सरांशी अदबीने वागणारा असतो. दुसऱ्याचं दुखणं मात्र त्याला फारसं भिडत नाही. पटकन भडकणारं मूल वेगळं. ते मार खातं आणि मारतंही, आवाज करतं म्हणून नेमकं तेच पकडलं जातं. त्याला राग आवरायला शिकवावं लागतं, नुसत्या शिक्षेने ते अधिक बिथरतं. बुजऱ्या मुलीला 'जरा धीट हो' हे तर सांगूच नका. तिचा बुजरेपणा कदाचित या छळातूनच वाढलेला असतो, आणि दोष तिच्यावर येतो.

बोलणी अशी करा. सोसणाऱ्याशी आधी, एकांतात. मग त्रास देणाऱ्यांना एकाच तासात, पण एकेकटं बोलवा. मध्ये वेळ गेला की सगळे 'गंमत करत होतो' हे एकच उत्तर ठरवून येतात. कुणी सांगितलं ते उघड करू नका. काय थांबायला हवं ते स्पष्ट सांगा, तो स्वतः काय करणार ते वदवून घ्या, तारखेसह लिहून ठेवा. आठवड्याने दोन्ही बाजूंना पुन्हा, वेगवेगळं भेटा.

हसणारे आणि बघणारे विसरू नका, त्यांच्यामुळेच त्रास देणाऱ्याला जोर चढतो. फिनलंडमधला 'किवा' हा शालेय कार्यक्रम याच प्रेक्षकांवर भर देतो. वर्गात मान असलेल्या दोन-तीन प्रेमळ मुलांना बाजूला घेऊन सांगा, 'डबा खाताना हिला तुमच्यात घ्या.'

लैंगिक छळाचा संशय आला, तर वर्गात मिटवू नका. २०१२च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक फळ्याशेजारी कायमचा लिहून ठेवा.