गावच्या वाचनालयातली कात्रणं हाताशी लागतील अशी कशी लावावी

आमच्या वाचनालयात शेतीच्या कात्रणांचं एक कपाट आहे. एकदा शेजारच्या गावचे काका आले. "भाऊ, पऱ्हाटीवर लाल्या आला, त्याचं काही हाय काय तुमच्यापाशी?" मी 'प'ची फाईल काढली, 'ल'ची काढली. काही नाही. काका चहा पिऊन गेले. चार दिवसांनी 'क'मध्ये कागद दिसला: 'कपाशीची पाने लाल पडण्याची विकृती'.

मग सगळं कपाट नव्यानं लावलं. वही, पोस्टकार्डाएवढे पुठ्ठे आणि पेन्सिल एवढंच लागतं. पेन नको, खोडाखोड फार होते.

आधी पंधरा दिवस लोक काय मागतात ते त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवा. मग एका वस्तूला एक चिठ्ठी, म्हणजे एक पुठ्ठा. पऱ्हाटी, कपाशी, कापसाचं झाड हे शब्द तीन, वस्तू एकच. जो शब्द जास्त तोंडी आहे तो मथळ्याला घ्या. मी पऱ्हाटी घेतला. बाकी दोघांच्या चिठ्ठ्यांवर फक्त 'पऱ्हाटी पाहा'. ही चिठ्ठी फालतू वाटते, पण लाल्याची अशी एक असती तर काका कागद घेऊनच गेले असते.

उलटंही होतं. सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर, आणि हॉटेलात इडलीसोबत येतं तेही सांबारच. तिथे कंसात लिहा: सांबार (भाजी), सांबार (आमटी).

आता कोण कोणाच्या पोटात, ते ठरवा. गुलाबी बोंडअळीच्या वर बोंडअळी, तिच्या वर अळी. 'प्रत्येक बोंडअळी ही अळी असते का?' असं विचारायचं. उत्तर बिनशर्त 'हो' आलं तरच वरची जागा द्यायची. मी पुढे अळीच्या वर 'कीड' लिहायला गेलो आणि अडकलो. गडचिरोली-भंडाऱ्याकडे टसर रेशमासाठी ऐनाच्या झाडांवर अळ्या मुद्दाम पाळतात, त्यांना कीड कसं म्हणणार? शेवटी बोंडअळीला दोन घरं दिली: जातीनं 'अळी'त, करणीनं 'किडी'त. एका चिठ्ठीला दोन वरचे मथळे असले तर बिघडत नाही.

भागाचं नातं वेगळं. बोंड पऱ्हाटीचं असतं, पण बोंड म्हणजे पऱ्हाटी नव्हे. म्हणून त्याची ओळ वेगळी: 'भाग: बोंड'. बोंडाच्या चिठ्ठीवर 'भाग: सरकी'. ढेपही मी याच रांगेत घातली होती, ती चूक. ढेप सरकीचं तेल काढल्यावर उरते, झाडाला लागत नाही. ती ढोरांच्या खाद्यात गेली, आणि खाली 'हेही पाहा: सरकी'.

'हेही पाहा' जपून वापरा, नाहीतर सगळंच सगळ्याला जोडलं जातं. पहिला कागद वाचणारा दुसऱ्यासाठी खरंच उठेल का, एवढंच बघा. लाल्याला लोक रोग म्हणतात, पण त्यामागे जंतू नसतो. मॅग्नेशियम किंवा नत्र कमी पडणं, तुडतुड्यांनी रस शोषणं, रात्रीची थंडी अशी कारणं असतात. म्हणून तो 'विकृती'खाली ठेवला आणि 'रोग' व 'तुडतुडे' या दोन्ही चिठ्ठ्यांवरून त्याच्याकडे वाट काढून दिली.

काही कागद मात्र एका मथळ्यात मावतच नाहीत. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना शेतकऱ्यांना, मजुरांना विषबाधा झाली, त्याची कात्रणं कुठे ठेवायची? इथे ग्रंथालयशास्त्राचे जाणकार एस. आर. रंगनाथन कामी येतात. १९३३ साली आलेल्या त्यांच्या कोलन वर्गीकरणात, म्हणजे पुस्तकं विषयवार लावायच्या पद्धतीत, विषयाची फोड पाच अंगांनी होते. आपल्या भाषेत: मुख्य वस्तू कोणती, पदार्थ कोणता, काम काय, कुठे, केव्हा. म्हणजे पऱ्हाटी, कीटकनाशक, फवारणी, यवतमाळ, २०१७. कागद एकाच फायलीत राहतो, पाचही चिठ्ठ्यांवर तिचा नंबर टाकायचा.

सगळं झालं की वाचनालयात कधी न येणाऱ्या माणसाला बोलवा आणि काहीही मागायला सांगा. आमच्याकडे आलेल्या काकूंनी पहिलंच विचारलं, "बरबटीचं काय हाय?" चिठ्ठी चवळीची होती. पेन्सिल पुन्हा काढली.