थर्मोस्टॅट स्मार्ट घ्यावा की साधाच ठेवावा?
थर्मोस्टॅट म्हणजे खोलीचं तापमान बघून हीटिंग चालू-बंद करणारं भिंतीवरचं उपकरण. तो निवडायच्या आधी आठवडाभर घरातली ये-जा बघा. वेळा रोज बदलत असतील, घर तासन्‌तास रिकामं राहत असेल, तर स्मार्ट थर्मोस्टॅट कामाचा; बाहेरूनच फोनवर हीटिंग कमी करता येतं. दिवसभर कुणी ना कुणी घरात असेल, तर साधी गोल चकतीही पुरते. ती आजोबांनाही कुणाला न विचारता फिरवता येते, हे माझ्या मते मोठंच काम.

विकत घेण्याआधी मेन स्विच बंद करून जुन्याचं झाकण काढा, तारांचा फोटो घ्या. बऱ्याच स्मार्ट मॉडेलना सतत वीज देणारी जादा तार लागते. ती भिंतीत नसली की खर्च वाढतो.

आणि हो, घर गरम करणारा बॉयलर साधा असेल, तर थर्मोस्टॅटचा काटा २० ऐवजी २८ अंशांवर नेल्याने खोली लवकर तापत नाही, नुसतं बंद व्हायला उशीर होतो.