आफ्रिकेच्या अभयारण्यात तंबूची जागा निवडताना

पेंच-ताडोबाला सफारी संपली की आपण गेटबाहेर पडतो. बोट्सवानाच्या मोरेमी किंवा सावुतीत मुक्काम जंगलातच असतो, भोवती कुंपण नाही. लहान मुलं सोबत असतील तर नागपूरहून बुकिंग करतानाच दक्षिण आफ्रिकेच्या क्रूगरमधले कुंपण असलेले कॅम्प निवडा.

नेमून दिलेल्या प्लॉटवर पोचायचं ते अंधारापूर्वी निदान दोन तास. आधी पायी एक फेरी मारून जमीन वाचा. नदीकाठापासून झुडपांत शिरणारी, मधे उंचवटा आणि दोन्ही बाजूंना चर असलेली वाट पाणघोड्याची. तो रात्री चरायला याच वाटेनं वर येतो आणि पाण्याकडचा रस्ता अडला की बिथरतो. तंबू या वाटेपासून आणि काठापासून 50 मीटर तरी लांब हवा. हत्तीची ताजी लीद सलग दिसली तर तिथेही नको.

मग वर बघा. किगेलिया या झाडाची लांबट फळं कित्येक किलोंची असतात, तंबू फाडून आत येतात. मारुलाच्या फळझाडाखाली किंवा उंटकाट्याच्या (कॅमलथॉर्न बाभळीच्या) शेंगांखाली हत्ती हमखास येतो. कोरड्या नदीपात्रातली मऊ वाळू कितीही मोहात पाडो, टाळाच. वर कुठे पाऊस पडला तरी इथे लोंढा येतो.

संत्री मात्र नेऊ नका. हत्तीला त्यांचा वास लांबून लागतो, तो गाडीसुद्धा फोडतो. झिम्बाब्वेच्या माना पूल्समध्ये ताज्या फळांना बंदीच आहे. बूट तंबूत ठेवा, तरस पळवतात.